मोहरीएवढी

सोलापूर
ता. २६ फेब्रुवारी १९७३

गोजरा,

छत्तीस वर्षांत मी तुला नावानं हाक मारली नाही. कुंडलिकाची आई म्हणालो, नाहीतर नुसतं अगं. पण पत्राला नाव लागतं म्हणून लिहिलं. हे हिंदुराव तुला वाचून दाखवील. त्याला म्हणावं सावकाश वाच, माझं शिक्षण चौथीपर्यंत आणि हात आता थरथरतो.

तू हिंदुरावाबरोबर माहेरी करकंबला गेलीस त्याला सहावा आठवडा लागला. तुझा निरोप नाही. एसटी नीट पोचली की नाही तेही मला कुंडलिकाकडून कळलं.

इकडची हकिकत अशी. गेल्या सोमवारपासून सारजा कामावर जाऊ लागली. चिमी दीड महिन्याची झाली. नाव पाळण्यात दुसरं ठेवलं आहे, पण माझ्या तोंडात चिमीच येतं. सारजाची नोकरी सरकारी नाही, की तीन महिने घरी बसली तरी खुर्ची राहील. शिवयोगी डॉक्टर ज्या घरी पाठवतील तिथं जायचं. सध्या सात रस्त्याच्या पुढं सिद्धलिंगप्पा म्हणून कापडाचे व्यापारी आहेत, त्यांचं अर्धं अंग गेलं आहे. पाठीला जखमा पडल्या आहेत, आत वाटी बसेल एवढ्या. त्या धुवायच्या, पट्टी करायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. बदलली नाही तर मांस कुजतं म्हणते. सकाळी आठ ते एक आणि दुपारी चार ते सात. कुंडलिक सांगोल्याकडं दुष्काळी कामावर मुकादम आहे, पंधरा दिवसांनी एकदा येतो. सारजाला माहेर नाही. तेव्हा नातीपाशी मी.

तिनं कागदावर सगळं लिहून भिंतीला चिकटवलं आहे. बाटली उकळणे. बूच उकळणे. हात साबणानं धुणे. दूध दर तीन तासांनी. मी दिवसातून दहा वेळा वाचतो तरी काहीतरी चुकेल असं वाटतं. पाणी नळाला तासभर येतं, त्यात उकळायचं किती आणि प्यायचं किती. स्टोव्ह भडकला तर काय करू, झोळीच्या कडीला उंदीर आला तर काय करू. माझ्या गुडघ्यांनी पटकन उठवत नाही.

शेजारची केराबाई रोज दारातून डोकावते आणि म्हणते, "महिपतीबाबा, आता एक चोळी शिवून घ्या की." मी दार लोटून घेतो.

हिंदुराव, पुढचं ओसरीवर कुणी बसलं असेल तर मोठ्यानं वाचू नकोस. गोजरा, बारशाच्या दिवशी सारजा म्हणाली की मी कामावर गेल्यावर आत्या पोरीला सांभाळतील. त्यावर मी म्हणालो, हिच्या हातात पोर देऊ नको, हिनं आपली बजी झोपवली ती उठलीच नाही. ते चारचौघांत बोलायला नको होतं, इतकं मी मानतो. पण अफूची गोळी तूच दिली होतीस, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. तेहतीस वर्षं मी तोंड मिटून होतो. त्या दिवशी निघून गेलं. एवढ्यावरून माणूस घर सोडतं का?

महिपती


ता. ९ मार्च १९७३

गोजरा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असंही मनात येतं. म्हणून हे अंतर्देशीय घेतलं, ते साध्या पाकिटापेक्षा नीट जातं असं पोस्टातला म्हणाला.

पोरगी रडते. भुकेनं रडते तसं नाही, ते मला आता कळतं. सारजा गेली की घटकाभर बरी असते, मग सुरू होते ती एक वाजेपर्यंत. बाटली तोंडात धरत नाही, आईचं अंग हुंगायची सवय. मी मांडीवर घेतो, खांद्यावर घेतो, झोळी हलवतो. माझ्या छातीत गिरणीचा कापूस बसलेला तू जाणतेस, दहा मिनिटांत दम लागतो. परवा तिला खांद्यावर घेऊन उभा होतो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. मी भिंतीला टेकलो म्हणून पोर खाली पडली नाही. हे मी सारजाला सांगितलं नाही.

सांगून तरी ती काय करणार? घरी येते तेव्हा पोलक्याचा पुढचा भाग दुधानं भिजलेला असतो. पोरगी तिचा आवाज ऐकून आणखी ओरडते, पण ती लगेच घेत नाही. आधी मोरीत जाऊन अंग धुते, लुगडं बदलते, नखं घासते. जखमेची घाण पोरीला लागली तर ती वाचणार नाही म्हणते. तेवढा वेळ आत ती पाणी ओतते आणि बाहेर ही रडते, आणि मधे मी. एकदा मोरीत तीही रडत होती. पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

एक दिवस तिनं पोरीला बरोबर नेलं. त्या घरी ओट्यावर झोळी बांधली. सिद्धलिंगप्पांची बायको पार्वतम्मा वाईट बाई नाही, पण दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सिस्टर, त्यांचं डोकं उठतंय. एक तर पोर घरी ठेवा, न्हाईतर तुमी येऊ नका." सारजा हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

काल केराबाई आली आणि कनवटीची डबी काढून दाखवली. पूर्वी गिरणीच्या बायका पाळीला जाताना पोरांना द्यायच्या, तीच गोळी. आता दुकानात कुणी उघड देत नाही, हिला कुठून मिळते कोण जाणे. म्हणाली, माझी चार याच्यावरच वाढली, तुमचा कुंडलिकसुद्धा वाढला. मोहरीएवढी सहाणेवर उगाळायची, बोटानं चाटवायची. मी तिला घालवून दिलं.

ती म्हणते त्यात खोटं नाही. एका मोहरीएवढीनं पोराला काही होत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असेल? पण मी नको म्हणालो, हे तुला कळावं.

तू आली असतीस तर बरं झालं असतं. माफी मागायला लावू नकोस. या वयात माणसाला ते जमत नाही.

महिपती


ता. २१ मार्च १९७३

गोजरा,

या खेपेला चांगली बातमी. चिमी आता गप्प निजते. सारजा गेली की तासाभरात डोळे मिटते ती एक वाजेपर्यंत. मीसुद्धा भिंतीला पाठ लावून पडतो. छातीला आराम पडला आहे. कसं जमलं ते भेटल्यावर सांगेन. हाताला सवय झाली म्हण.

सारजाच्या जिवाला केवढा आराम पडला म्हणून सांगू. परवा मला गूळ घालून चहा दिला, कारण साखर रेशनला नव्हती, आणि म्हणाली, "मामा, तुमच्या हाताला गुण हाय." मी चहा तसाच ठेवून दिला. तब्येत बरी नव्हती.

सिद्धलिंगप्पांच्या जखमेला आतून लाल मांस येऊ लागलं आहे. सारजा ते असं सांगते की जणू तिनं ते पेरलं होतं. डॉक्टरांनी तिला शाबासकी दिली. कुंडलिक येऊन गेला, उन्हानं काळा पडला आहे. पोरीला घेऊन म्हणाला, हिचं वजन कमी वाटतं. मी म्हणालो, रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरीवर आईला दूध कुठून येणार? खरंच आहे ते. सारजा मात्र पोरीचं पोट दाबून बघत होती. तीन तीन दिवस शी होत नाही म्हणाली. तिनं पोरीचा डोळा उघडून उजेडाकडं धरला आणि बराच वेळ बघत बसली. मी बाहेर नळावर गेलो.

तुला एक विचारायचं होतं. बजी गेली त्या दिवशी तिच्या डोळ्यांकडं तू बघितलं होतंस का? उगाच आठवलं. हिंदुराव, हे वाचलं नाहीस तरी चालेल.

तिकडं पाण्याचं कसं? विहिरीला आहे का? तुझ्या पायाची भेग भरली का?

महिपती


सोमवार, ता. २ एप्रिल, मोठा दवाखाना

गोजरा,

हे मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पेन्सिलीनं लिहितो आहे. खिशात कोरं अंतर्देशीय होतं. हाताला काही काम पाहिजे म्हणून लिहितो.

पोरगी उठत नाही. सारजा एक वाजता आली, मोरीत गेली, आणि आज रडण्याचा आवाज नाही म्हणून तशीच ओल्या अंगानं बाहेर आली. झोळीत हात घालून तिनं पोर उचललं तर मान मागं पडली. ओठ जांभळे. श्वास मधेच थांबायचा, मी आकडे मोजले, मग पुन्हा एक. सारजानं तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घातली आणि तशीच रस्त्यावर धावली. टांगा मिळाला. मी मागून चालत आलो. किती वेळ लागला माहीत नाही.

आत नळी लावली आहे. कशानं झालं ते डॉक्टरांना कळत नाही. पोरीला दोन दिवस सर्दी होती, तर सारजानं सकाळी निघण्याआधी लाल औषध दिलं होतं, शिवयोगी डॉक्टरांनीच लिहून दिलेलं. त्यानं गुंगी येते म्हणे. ती आता म्हणते, मी घाईत होते, चमच्यात जास्त गेलं असणार. सगळ्यांना तेच सांगते आहे. तिनं तिची कामाची पिशवी व्हरांड्यातल्या बाकाखाली ढकलली आणि म्हणाली की जिला आपल्या पोरीचं औषध मोजता येत नाही तिनं दुसऱ्याच्या अंगाला हात लावू नये. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात, आणखी काही पोटात गेलं का? ती म्हणते नाही. माझ्याकडं कुणी बघत नाही. म्हाताऱ्याला काय विचारायचं.

मी काही बोललो नाही.

ती बाकावर बसून बोटं मोजते आहे, अर्धा चमचा, अर्धा चमचा असं पुटपुटते आहे. तूही अशीच बसली होतीस. दाराच्या उंबऱ्यावर. मोहरीएवढीच होती, मोहरीएवढीच होती, असं म्हणत. आणि मी

साडेचार वाजले. मी आत जातो.


ता. ७ एप्रिल १९७३

गोजरा,

सोमवारचं अर्धं पत्र यासोबत पाकिटात घातलं आहे. ते आधी वाचून घे. मग हे.

चिमी जिवंत आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं ऐकताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

मी आत गेलो आणि सारजाला सांगितलं की मी तिला गोळी दिली आहे. तिनं आरडाओरडा केला नाही. नर्ससारखं विचारलं.

"किती?"

"मोहरीएवढी."

"कवा?"

"साडेनवाला."

"किती दिवस?"

"आज बाविसावा."

ती अनवाणी डॉक्टरांकडं धावली. त्यांनी दुसरी सुई मागवली. आधी कळतं तर दोन तासांपूर्वीच दिली असती, असं ते तिला म्हणाले, मला नाही. सातच्या सुमाराला चिमी रडली. इतके दिवस जे रडणं बंद करायला मी धडपडलो ते ऐकून मी तिथंच फरशीवर बसलो. अजून ती अंगावर नीट ओढत नाही. डोक्याला काही इजा झाली का, ते सहा महिन्यांनी कळेल असं डॉक्टर सांगतात. ती आवाजाकडं मान वळवते का, हे सारजा दिवसभर वाटी वाजवून बघते. कधी वळवते. कधी नाही.

पाडव्याला आपल्या दारात गुढी नव्हती.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सारजा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. दवाखान्याच्या नळावर ती पोरीची दुपटी धूत होती. वर न बघता म्हणाली, "मामा, तुमी गप बसला असता तर पोरगी गेली असती. आणि मी जलमभर म्हणत ऱ्हायले असते, माझ्या हातानं झालं."

मी म्हणालो, "असं एकदा झालेलं हाय."

तिनं दुपटं पिळायचं थांबवलं. मग मी तिला सांगितलं. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "आत्यांना ठाव हाय?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग आदी त्यांना लिवा. मला सांगून काय?"

म्हणून लिहितो. मला फिरवून लिहिता येत नाही आणि आता फिरवायचंही नाही.

बजी पाच महिन्यांची होती. तू दिवसपाळीला गिरणीत सुताच्या कांड्या भरायला जायचीस, मी रातपाळी करून यायचो आणि दिवसा निजायचो. सकाळच्या भोंग्याआधी तू तिला गोळी चाटवायचीस आणि डबी फळीवर ठेवायचीस. सगळ्या चाळीत तसंच चालायचं. ती गोळीसुद्धा मीच आणायचो. त्या दिवशी भर दुपारी बजी उठली. गोळी उतरली असेल, किंवा भूक लागली असेल. ती रडायला लागली. मला झोप हवी होती, दुसरं काही नाही. दोन रात्री ओळीनं पाळी केली होती. मी उठलो, फळीवरची डबी काढली, उगाळायचाही कंटाळा केला. अख्खी गोळी बोटानं दाबून तिच्या जिभेवर ठेवली. ती मोहरीएवढी नव्हती. मग मी निजलो. छान झोप लागली, तेही सांगतो.

तू आलीस, तिला उचललंस, आणि तुझ्या ओरडण्यानं मी जागा झालो. जागा होताक्षणी मला सगळं कळलं. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा की, सकाळी किती दिलीस?

लोक जमले होते. त्यांनी तेवढंच ऐकलं. पुढं मला काही बोलावं लागलं नाही. तुझ्या आईनं विचारलं, माझ्या भावानं विचारलं, किती दिलीस, किती दिलीस. तू सांगत राहिलीस. मग तुला स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली. कुंडलिकाच्या वेळी तू सहाणेवर मोहरीचा खरा दाणा ठेवून त्याच्याशी गोळीचा तुकडा ताडून बघायचीस. मी ते बघायचो. मी शेजारी बसून भाकरी खायचो आणि बघायचो.

गोजरा, तुझी मोहरीएवढीच होती. तू खरं बोलत होतीस.

मोहरीएवढीनं काही होत नाही असं मी तुला मार्चात लिहिलं, त्याचं कारण हे. मला माप माहीत होतं. एवढंच मला माहीत होतं. सारजानं औषध दिलं हे मला माहीत नव्हतं, मी गोळी देतो हे तिला माहीत नव्हतं. तेव्हाही तसंच. एकाच्या हाताचं दुसऱ्याला ठाऊक नाही. मी तेव्हा बोललो असतो तर या खेपेला केराबाईची डबी मी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती.

आज सकाळी पाण्याच्या वेळी मी हे पत्र नळावर नेलं. बायका रांगेत होत्या. बारशाला जे बोललो ते चाळीत बोललो होतो, म्हणून हेही चाळीत वाचलं. बजीचा मजकूर आला तेव्हा दम लागला, थांबून पुन्हा वाचलं. केराबाई माझ्याकडं बघत नव्हती. वाचून झाल्यावर तिनं आपली घागर भरायच्या आधीच उचलली आणि रिकामीच घरी नेली. बाकीच्या पुढं सरकल्या.

आता कामाचं. सारजा बुधवारी पोरीला घरी आणेल. पार्वतम्मानं निरोप पाठवला आहे की सोळा तारखेच्या सोमवारपर्यंत वाट बघते, पुढं दुसरी बाई ठेवावी लागेल. या पाच दिवसांत सिद्धलिंगप्पांची पाठ पुन्हा चिघळली म्हणे. घरच्यांना कूस बदलता येत नाही. सारजानं बाकाखालची पिशवी परत काढली, धुतली, दोरीवर वाळत घातली. ती जाणार. तिला जावं लागणार. पण चिमीला माझ्यापाशी ती ठेवणार नाही, आणि ठेवू म्हणाली तरी मी ठेवून घेणार नाही. माझ्या हातावर माझा विश्वास नाही.

तिनं तुला बोलावलेलं नाही. मी कोणत्या तोंडानं आत्यांना या म्हणू, असं म्हणाली. बारशाला मी बोललो तेव्हा ती गप्प बसली होती, ते तिला टोचतं. तेव्हा बोलावतो आहे तो मीच. तू आलीस तर मी सांगोल्याला कुंडलिकाकडं जाईन. खडी फोडता येणार नाही, पण मजुरांना पाणी वाटायला म्हातारे लोक घेतात. तू घरात असताना मी तिथं असावं की नसावं, ते तू ठरव. नाही आलीस तर नाही. मग सारजा काम सोडील आणि पुढचं मला दिसत नाही.

हिंदुराव, आता तुझ्यासाठी. मागच्या पत्रांत मी तुला म्हणालो होतो, हे हळू वाच, हे वाचू नकोस. हे पत्र मोठ्यानं वाच. घरात नको, ओसरीवर वाच, माणसं असतील तेव्हा. बारशाला तुझ्याबरोबर आलेले सगळे असतील तर आणखी बरं. मधे कुठं अडखळू नकोस आणि माझी बाजू सावरून घेऊ नकोस. तुझी बहीण शेवटपर्यंत ऐकून घेईल, मला तिची सवय माहीत आहे. मग ती म्हणेल, मोहरीचं होतं ते पुन्हा वाच.

ते पुन्हा वाच. ती जितक्यांदा म्हणेल तितक्यांदा वाच.

महिपती